अनुसयाबाईंचा समुद्रावरचा ब्लॉक

तांडापेठेतल्या अनुसयाबाई हेडाऊंच्या खानावळीत मी सात वर्षं जेवलो. १९६५ साली ए.जी. ऑफिसात कारकून म्हणून यवतमाळहून नागपूरला आलो आणि इतवारीत एक खोली भाड्यानं घेतली. तिथून त्यांचं घर पाच मिनिटांवर. सकाळी साडेनऊला वरण, भात, भाजी, पोळी. संध्याकाळी भाकर आणि झुणका. रविवारी बेसनाच्या पाटोडीचा रस्सा. पुढं माझं लग्न झालं, घरात चूल पेटली, तरी त्या घराशी संबंध सुटला नाही. कारण अनुसयाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. मराठी सावकाश वाचत, पण इंग्रजी कागद आला की त्यांचा निरोप यायचा, "गिरिधरभाऊले सांगा, चहा प्यायले येऊन जा."

त्या उमरेडच्या. माहेरी माग, सासरी माग. चौदाव्या वर्षी लग्न होऊन नागपूरला आल्या त्या नत्थूजींच्या घरी. नत्थूजींचं मूळ घरही उमरेडचंच. नत्थूजी नऊवारी लुगडी विणत. घराच्या पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा खणलेला, त्यात पाय सोडून बसायचं आणि विणायचं. मिलची आणि पॉवरलूमची लुगडी स्वस्त झाली तशी यांची लुगडी व्यापारी हातात धरून बघायचा आणि खाली ठेवायचा. एकसष्ट साली अनुसयाबाईंनी स्टेशनवरच्या चार बाबूंना जेवू घालायला सुरुवात केली. चाराचे बारा झाले, बाराचे वीस. बसायला जागा पुरेना. तेव्हा एका सकाळी नत्थूजींनी स्वतःच माग सोडवून भिंतीशी उभा केला आणि टोपल्या-टोपल्यांनी माती आणून खड्डा बुजवला. बाईंनी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. ते मला म्हणाले होते, "ती सांगणार नव्हती. मंग मीच भरला."

त्यानंतर ते इतवारीतल्या एका कापड दुकानात थानांच्या घड्या करून ठेवायचं काम करू लागले. बोलणं मुळात कमी, ते आणखी कमी झालं.

आम्हा खानावळीच्या मेंबरांच्या गप्पांत एक विषय कायम असायचा, एल.टी.सी. सरकार चार वर्षांतून एकदा आम्हाला भारतात कुठंही जायचं गाडीभाडं द्यायचं. भाडं सरकार देई, पण उतरायचं कुठं हे आमचं आम्ही बघायचं. कोणी समुद्रावर जाऊन आला की त्याची तक्रार ठरलेली. लॉजमध्ये ढेकूण, बायकांना आडोसा नाही, लहान पोराला दूध तापवून द्यायला चूल नाही. अनुसयाबाई पोळ्या वाढता वाढता ऐकत. एकदा त्यांनी विचारलं, "एवढे लोक जातेत, तं तिथं कोणी एक खोली अन् एक चूल देत नाई का जी?" पंगत उठली, गोष्ट तिथंच राहिली.

त्यांची एकुलती मुलगी पुष्पलता नर्सिंग शिकली आणि सरकारी नोकरीत तिची नेमणूक झाली रत्नागिरीला. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत अनुसयाबाई तिला भेटायला निघाल्या. नागपूरहून कोल्हापूरपर्यंत आगगाडी आणि पुढं घाट उतरणारी एस.टी. असा दोन दिवसांचा प्रवास, तोही एकटीनं. वय त्रेचाळीस. तोवर त्यांनी पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे नागपूरचा शुक्रवारी तलाव.

रविवारी पुष्पलता त्यांना वाळवंडे नावाच्या गावी घेऊन गेली. रत्नागिरीहून एस.टी.नं तासाभराचा रस्ता. एक देऊळ, नारळीच्या वाड्या, आणि वाड्या संपल्या की समुद्र.

"पुष्पा, हे सरते कुठं वं?"

"सरत नाही, माय. पुढं पाणीच आहे."

बाई बराच वेळ उभ्या राहिल्या. त्या मला नंतर म्हणाल्या, "गिरिधरभाऊ, डोळे थकले, पण पाणी नाई थकलं." एवढंच त्यांनी समुद्राविषयी सांगितलं. उरलेला तासभर त्या सांगत होत्या ते देवळाजवळ भेटलेल्या एका कुटुंबाबद्दल.

जळगावचं कुटुंब होतं ते. नवरा-बायको, तान्हं मूल आणि नवऱ्याची म्हातारी आई. रत्नागिरीला जाणारी बस भरून निघून गेली होती, पुढची दोन तासांनी. म्हातारीला चक्कर येत होती आणि तिला आडवं व्हायला देवळाच्या तापलेल्या ओट्याशिवाय जागा नव्हती. सून मुलाला घेऊन दूध कुठं तापवता येईल म्हणून दारोदार बघत होती. अनुसयाबाई सरळ उठल्या आणि देवळाशेजारच्या कौलारू घराचं दार वाजवलं. आतून एक उंच, काळीसावळी बाई आली. तिचं नाव यमुताई. नवरा धोंडबा होडीवर जाणारा.

"काय वो, कोण तुम्ही?"

"मी नागपूरची. ते माह्ये कोणी नाई. पण म्हातारीले जरा पडू द्या, बाई."

यमुताईंना भाषा अर्धीच कळली, पण म्हातारीकडं बघून बाकीचं कळलं. त्यांनी पडवीत चटई टाकली. अनुसयाबाईंनी त्यांच्याच चुलीवर दूध तापवलं आणि वर सगळ्यांसाठी चहा टाकला. निघताना यमुताई म्हणाल्या, "दर रविवारी कोण ना कोण असा येतो वो. माझी पडवी ती केवढी!"

परत येताना वाटेवर, वाळूच्या अगदी कडेला, एका इमारतीचे नुसते खांब उभे होते. पुढं पाटी होती: "ओनरशिप ब्लॉक्स. समुद्र समोर." शेट्ये नावाच्या कंत्राटदाराचा माणूस तिथं बसला होता. बारा ब्लॉक, दोन-दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मुंबई-पुण्याची माणसं घेत आहेत, रिटायर झाल्यावर राहायला येतील, असं त्यानं सांगितलं.

"अन् तोवर?"

"तोवर बंद."

"बंद काहून? लोक तं रस्त्यावर उभे हायेत."

त्या माणसाला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तो हसला. अनुसयाबाई हसल्या नाहीत. त्यांनी खालच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या ब्लॉकच्या खांबांमधून चालून बघितलं. चूल कुठं येईल, मोरी कुठं, म्हातारं माणूस पायरी न चढता आत जाईल का, हे सगळं त्यांनी तिथंच पावलांनी मोजलं.

नागपूरला परतल्यावर त्यांनी मला चहाला बोलावलं. नत्थूजी दाराशी बसून सुपारी कातरत होते. बाईंनी शेट्येंच्या माणसानं दिलेला कागद माझ्यापुढं ठेवला आणि सगळा बेत सांगितला. ब्लॉक घ्यायचा, भाड्यानं द्यायचा, पण महिन्यानं नाही, दिवसानं. चार दिवस एक कुटुंब, पुढचे चार दिवस दुसरं. गिऱ्हाईक इथंच आहे, रोज आपल्या पंगतीला बसतं.

मी म्हटलं, "बाई, हॉटेल काढायचं म्हणता?"

"हॉटेल नाई जी. घर. लोकाइले चार दिवस आपलं घर वाटलं पायजे."

मी नत्थूजींकडं पाहिलं. ते म्हणाले, "तिथं आपलं कोण हाय?"

"पुष्पा हाय."

"पुष्पाची बदली होईन उद्या."

"अन् यमुताई हाय."

"अवं, तू तिले एक डाव भेटली. ते कोण, तू कोण?"

"पहिल्या दिवशी तुमी तरी माह्ये कोण होते?"

नत्थूजींनी सुपारी तोंडात टाकली आणि अडकित्ता मिटून ठेवला. मला वाटलं विषय संपला. पण महिन्याभरानं ते स्वतः उमरेडला जाऊन आले आणि वडिलोपार्जित घरातला आपला हिस्सा धाकट्या भावाला देऊन टाकला. त्याचे पैसे, बाईंच्या पाटल्या आणि पोस्टातली शिल्लक मिळून काम झालं. करारनामा इंग्रजीत होता. मी तो तीन वेळा वाचला, दोन कलमं न समजून ओळखीच्या वकिलाला दाखवली, आणि अनुसयाबाईंनी हळूहळू, एकेक अक्षर कोरत सही केली.

तांडापेठेत बातमी पसरायला वेळ लागला नाही. नत्थूजींची वहिनी मैनाबाई खानावळीत पोळ्या लाटायला यायची. तिनं तोंडावरच विचारलं, "अवं, जरीपटक्यात नाई तं खामल्यात जागा घ्यायची ना! समुद्र का नागपुरात येणार हाय?" अनुसयाबाई म्हणाल्या, "नाई येत, म्हणून तं घेतलं."

इमारत शहात्तरच्या डिसेंबरात पुरी व्हायची होती. शहात्तर गेलं, सत्त्याहत्तर गेलं. शेट्येंच्या पत्रात कधी सिमेंट नसे, कधी गवंडी नसत. पुष्पलता मधूनमधून जाऊन बघून यायची आणि लिहायची: तीन मजले उभे आहेत, गिलावा नाही, खिडक्यांच्या जागी भोकं. मी कडक भाषेत रजिस्टर पत्रं लिहिली. उत्तरं येत, पण त्यांत दर वेळी नवी तारीख असायची.

शेवटी बाईच म्हणाल्या, "हा माणूस एकेकाले एकेक गोष्ट सांगून राहिला. आपण साऱ्यायनं एका दिवशी गेलो तं?"

बाकीच्या अकरा जणांचे पत्ते कुठून आणायचे? ते यमुताईंकडं होते. ब्लॉक घेतलेली माणसं बांधकाम बघायला येत, यमुताईंच्या दारात पाणी पीत आणि "काही विशेष झालं तर कळवा" म्हणून पत्ता ठेवून जात. यमुताईंनी त्या सगळ्या चिठ्ठ्या डाळीच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. पुष्पलतानं त्या उतरवून पाठवल्या आणि मी एका रविवारी खानावळीत बसून अकरा पोस्टकार्डं लिहिली. मजकूर बाईंचा: "मी नागपूरची अनुसयाबाई हेडाऊ, तळमजल्याची. आपण एकमेकांना ओळखत नाही, पण आपली भिंत एक आहे. अमुक तारखेला इमारतीत भेटू. जेवण मी आणते."

आठ जण आले. मुंबईचे गिरणीतले एक अधिकारी, पुण्याचे निवृत्त इंजिनिअर, कोल्हापूरच्या एक डॉक्टरीणबाई, आणखी काही. अनुसयाबाईंनी नागपूरहून दोन दिवस टिकतील अशा पुऱ्या, तिळाची चटणी आणि शेव नेली होती. भात आणि आमटी यमुताईंकडं केली. न झालेल्या घरांत, सिमेंटच्या पोत्यांवर बसून सगळे जेवले. जेवता जेवता शेट्ये आले. त्यांनी इंजिनिअरसाहेबांना सांगितलेलं कारण वेगळं होतं आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलेलं वेगळं. दोघं शेजारी बसलेले बघून ते जागीच थबकले. बाईंनी त्यांच्याही पुढं पान मांडलं आणि म्हणाल्या, "जेवा, मंग बोलू. पण आज बोलल्याबिगर कोणी उठणार नाई."

संध्याकाळपर्यंत ठरलं. शेट्येंनी उरलेलं सामान आणि उरलेलं काम या ब्लॉकवाल्यांच्या स्वाधीन करायचं, पुढचं ही माणसं स्वतः बघतील. इंजिनिअरसाहेब तीन महिने गावात मुक्काम ठोकून राहिले. एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत अनुसयाबाईंच्या हातात किल्ली आली.

इथवर ऐकून कोणालाही वाटेल की आता सगळं सुरळीत झालं. तसं झालं नाही.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क भैयाजी गेले. मे महिना, सोबत बायको, तीन मुलं, सासू. पुष्पलताची तोवर खरंच सांगलीला बदली झाली होती. किल्ली इमारतीच्या राखणदाराकडं ठेवलेली आणि तो त्याच दिवशी लग्नाला दुसऱ्या गावी गेलेला. सहा माणसं चार तास जिन्याच्या पायऱ्यांवर बसली. दार उघडलं तर खारट वाऱ्यानं कड्या गंजून खिडक्या उघडेनात. नळाला इमारतीच्या विहिरीचं पाणी, तेही खारं. वरण चुलीवर ठेवलं, ते दोन तास नुसतं उकळत राहिलं. भैयाजी दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला निघून गेले. नागपूरला परतल्यावर त्यांनी कँटीनमध्ये सगळं रंगवून सांगितलं आणि ऑफिसात एक वाक्य फिरू लागलं: "अनुसयाबाईंच्या समुद्रात डाळ शिजत नाही."

बाई भैयाजींच्या घरी गेल्या. पैसे परत केले, सोबत पुरणपोळ्यांचा डबा दिला, त्यांच्या सासूबाईंच्या पाया पडल्या. भैयाजी ओशाळले, पण वाक्य फिरायचं ते फिरतच राहिलं. पुढचं सगळं वर्ष कोणी गेलं नाही. मुंबईचे ते अधिकारी ब्लॉक विकत घ्यायला तयार होते. बाईंनी मला चहाला बोलावलं आणि त्यांना होकाराचं पत्र लिहायला सांगितलं. माझा कागद काढून झाला होता.

"थांबा जी," नत्थूजी म्हणाले.

ते दाराशी नेहमीच्या जागी बसले होते. कापडाच्या धुळीनं खोकला वाढल्यामुळं दुकानातलं काम सुटून सहा महिने झाले होते.

"घर वाईट नाई. तिथं माणूस नाई, एवढंच हाय. मी जातो."

अनुसयाबाईंनी वळून पाहिलं. "तुमी? तुमी तं कधी वर्ध्याच्या पुढं गेले नाई."

"नाई गेलो. इथं दिवसभर भितीकडं पाहून राहिलो. तिथं पाह्याले काही तरी असन."

"अन् खाणार काय? तुमाले चहा तरी करता येते का?"

"शिकन."

मी कागदाची घडी करून खिशात ठेवली. आठवड्यानं स्टेशनवर त्यांना पोचवायला आम्ही दोघं गेलो. हातात एक ट्रंक, एक सतरंजी आणि बाईंनी बांधून दिलेला मसाला. गाडी सुटली तरी नत्थूजी खिडकीतून हात हलवत नव्हते, दोन्ही हातांनी ट्रंक धरून बसले होते. बाई म्हणाल्या, "पंधरा दिवसांत परत येतीन."

ते परत आले ते आठ महिन्यांनी, आणि तेही केवळ पुतण्याच्या लग्नासाठी. मधल्या काळात आलेली पत्रं गावच्या शाळामास्तरांच्या अक्षरात असायची आणि त्यांत मजकूर फारसा नसायचा. "खोकला कमी हाय. विहिरीचं काम झालं. दोन कुटुंबं येऊन गेली." तिथं नक्की काय घडलं ते मला कळलं एक्याऐंशीच्या दिवाळीत, जेव्हा मी माझी एल.टी.सी. काढून बायको गोपिका आणि दोन मुलांना घेऊन वाळवंड्याला गेलो.

बस थांबली तिथं नत्थूजी उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, अंग उन्हानं रापलेलं, आणि चेहऱ्यावर हसू. मी त्यांना सोळा वर्षं ओळखत होतो, त्यांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले.

"या जी, या! वैनी, सामान ठेवा, गडी आणून देईन. पोट्टेहो, आता पाण्यात नाई जायचं. आता ओहोटी हाय, पाणी ओढून नेते. उद्या चार वाजता मी नेतो."

ब्लॉक लखलखीत होता. कड्यांना खोबरेल तेल पाजलेलं, बिजागऱ्या पितळी. कोपऱ्यात माठ, त्यात गोडं पाणी. चुलीशेजारी तांदूळ, तूरडाळ, बाईंचा मसाला, काड्यापेटी. आणि थोड्याच वेळात यमुताई केळीच्या पानात झाकून गरम भाकऱ्या आणि माशाचं कालवण घेऊन आल्या. माझी बायको मासे खात नाही हे कळल्यावर दहा मिनिटांत तिच्यासाठी काळ्या वाटाण्याची उसळ आली.

संध्याकाळी आम्ही वाळूत बसलो तेव्हा नत्थूजींनी सांगितलं.

पहिले पंधरा दिवस त्यांच्याशी गावात कोणी बोललं नाही. त्यांचं बोलणं कोणाला कळत नव्हतं, त्यांना कोणाचं कळत नव्हतं. ते झाडलोट करत आणि उरलेला वेळ वाळूत जाऊन बसत. तिथं धोंडबा आणि दोघं-तिघं फाटकी जाळी पसरून दुरुस्त करत असायचे. बांबूच्या चपट्या सुईवर दोरा भरलेला, त्यानं एकेक घर विणायचं. नत्थूजी थोड्या अंतरावर उकिडवे बसून त्यांची बोटं बघायचे. असे चार-पाच दिवस गेले. एके दिवशी धोंडबानं त्यांच्यापुढं एक सुई टाकली.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय जी. आमच्या मागावर दिवसातून पन्नास डाव तार तुटे. तुटली तार शोधून जोडणं आलं नाई, तं विणणार काय? त्याइची गाठ येगळी हाय. पहिल्या दिवशी चुकलो, दुसऱ्या दिवशी आली."

शेजारी धोंडबा बसला होता. तो म्हणाला, "कसला चुकले वो! तिसऱ्या दिवशी माझ्या पोरग्यास शिकवीत होते. आता चार गावचे लोक जाळी घेऊन येतात, म्हणतात नागपूरवाल्यास दाखवा."

त्यानंतर सगळं आपोआप होत गेलं. धोंडबानं त्यांना सांगितलं की इमारतीची विहीर समुद्राच्या फार जवळ खणली आहे, खारंच लागणार. आपल्या वाडीतल्या विहिरीला गोडं पाणी आहे. आधी घागरींनी, मग पाइप टाकून ते पाणी आलं. यमुताईंनी स्वयंपाकाचं अंगावर घेतलं आणि त्याचे पैसे ठरवून मागून घेतले, हे अनुसयाबाईंना फार आवडलं. किल्ली तर कोणाकडं ठेवायचा प्रश्नच उरला नाही. ती नत्थूजींच्या गळ्यात जानव्यासारखी होती.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ते माझ्या मुलांना पाण्यात घेऊन गेले. दोन्ही हातांत एकेकाचं मनगट घट्ट धरलेलं. लाट आली की तिघंही उडी मारत. गोपिका मला म्हणाली, "या माणसाला खोकला आहे म्हणत होता ना तुम्ही?"

मी ऑफिसात परतलो आणि कँटीनमध्ये जे पाहिलं ते सांगितलं. रंगवून सांगायची गरज नव्हती. ब्याऐंशीच्या मेमध्ये तीन कुटुंबं गेली, दिवाळीत पाच. पोस्टातले लोक जाऊ लागले, शाळामास्तर जाऊ लागले. ते परत येऊन आपल्या साडूला, व्याह्याला सांगत. खानावळीच्या भिंतीवर बाईंनी एक कॅलेंडर टांगलं. ज्या तारखा दिल्या गेल्या त्यांवर हळदीचं बोट. चौऱ्याऐंशी साली भैयाजी स्वतः आले आणि मान खाली घालून मेचे चार दिवस मागितले. बाईंनी त्यांना महिन्यातले सर्वांत चांगले दिवस दिले आणि म्हणाल्या, "या डावी डाळ भिजवून नका नेऊ जी, तशीच शिजते."

मुंबईच्या अधिकाऱ्यांनी बाईंचा ब्लॉक विकत घ्यायचा विषय सोडला आणि उलट स्वतःच्या ब्लॉकची किल्ली नत्थूजींकडं दिली. त्यांच्यामागून डॉक्टरीणबाईंनीही. खानावळ मैनाबाईनं सांभाळायला घेतली. अनुसयाबाई वर्षातले सहा महिने वाळवंड्याला राहू लागल्या. नवरा-बायकोंनी आयुष्यात पहिल्यांदा निवांत बसून चहा प्यायला तो तिथं, असं त्या मला म्हणाल्या, आणि मग जरा लाजल्या. "पंचावन्न वर्षांची होऊन राहिली मी, गिरिधरभाऊ, अन् हे मले शंख वेचून आणून देतेत."

शहाऐंशीच्या माघात त्यांनी जे केलं ते मी पाहिलं म्हणूनच सांगू शकतो. तो काळ गिऱ्हाइकांचा नसतो. बाईंनी तिन्ही ब्लॉक दहा दिवस मोकळे ठेवले आणि उमरेडहून व तांडापेठेतून छत्तीस बायका गोळा केल्या. सगळ्या विणकर कोष्ट्यांच्या घरातल्या. कोणी आयुष्यभर सुताच्या कांड्या भरलेल्या, कोणी सुताला खळ पाजलेली, कोणी आता विड्या वळणाऱ्या. गाडीभाडं जिचं तिनं, राहणं-जेवण बाईंकडं. मी नुकताच आजारातून उठलो होतो, हवापालटासाठी त्यांच्यासोबतच गेलो. रेल्वेच्या डब्यात छत्तीस बायका एकदम बोलत असताना कारकुनाला कान कुठं ठेवावेत ते कळत नाही.

बस वाळवंड्याला पोचली ती सकाळी दहाला. कोणी सामानसुद्धा खोलीत नेलं नाही. बोचकी पायऱ्यांवर टाकून सगळ्या वाळूकडं धावल्या आणि पाण्यापासून वीस हातांवर येऊन एकदम थांबल्या. कोणी पुढं होईना. मैनाबाई तर डोळ्यावर पदर धरून उभी.

त्यांत उमरेडच्या रुखमाबाई होत्या. वय पंच्याहत्तरच्या पुढं, पाठ वाकलेली. अनुसयाबाईंच्या माहेरच्या शेजारीण. त्या काठी टेकत टेकत सगळ्यांच्या पुढं गेल्या आणि ओल्या वाळूत बसकण मारली. एक लाट आली, त्यांच्या मांडीवरून जाऊन लुगडं भिजवून परतली.

"अवं! थांब ना वं!" रुखमाबाई तिच्यावर ओरडल्या. "लुगडं नवं हाय माह्यं!"

मागं हशा पिकला. नत्थूजी हात द्यायला पुढं झाले, तर त्यांनी त्यांना काठीनं बाजूला सारलं.

"सर गा बाजूले. येऊ दे तिले."

दुसरी लाट आली. तोंडावर पाणी उडालं. रुखमाबाईंनी ओठ चाटले, तोंड वाकडं केलं, आणि बसल्या बसल्या हातभर पुढं सरकल्या. मग मैनाबाई गेली, तिच्यामागं दोघी, मग एकमेकींचे पदर धरून सगळ्या. अनुसयाबाई वर ब्लॉकपुढच्या ओसरीत यमुताईंबरोबर पोहे करत होत्या. त्यांनी तिथून तीनदा हाक मारली, "अवं बायाहो, खाऊन तं घ्या!" तिसऱ्या हाकेलाही कोणी वळून पाहिलं नाही, तेव्हा त्यांनी कढई चुलीवरून खाली उतरवली, पदर खोचला आणि स्वतःच पाण्याकडं निघाल्या.